पिकांची भावकी आणि फेरपालट

खेड तालुक्यात इंद्रायणीच्या काठी वसलेल्या निघोजे गावाच्या शिवारात आज चाकण औद्योगिक क्षेत्राचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. ज्या कुटुंबाकडे थोडासाच बागायती तुकडा उरला आहे, त्यास त्याच तुकड्यातून वर्षानुवर्षे उत्पन्न काढावे लागते. शहराची बाजारपेठ जवळ असल्याने भाजीपाल्याकडे ओढा असणे साहजिकच होय. अशा वेळी बटाट्यामागून टोमॅटो, टोमॅटोमागून वांगी आणि वांग्यांमागून मिरची असा क्रम लावला, म्हणजे पिकांची फेरपालट झाली, अशी समजूत होते. वस्तुतः ही फेरपालट नव्हे. पिकांची नावे बदलली, पण त्यांचे कुल एकच राहिले. आणि एका पिकाचा रोग दुसऱ्यास आयताच मिळाला. हे टाळावयाचे असेल, तर पिकांची भावकी ओळखता आली पाहिजे.

वर्गीकरणाच्या पायऱ्या

वनस्पतिशास्त्रात प्रत्येक वनस्पतीचे स्थान पायरीपायरीने सांगितले जाते. सर्वांत वर सृष्टी. तिच्याखाली अनुक्रमे विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि अखेरीस जाती. वरच्या पायरीवरील समूह विस्तृत असतो, खाली उतरावे तसतसा तो लहान व अधिक निकटच्या नात्याचा होतो. ज्या दोन वनस्पतींची प्रजाती एक, त्यांचे कुल, गण व त्यावरील सर्व पायऱ्याही एकच असतात. याउलट, ज्यांचे केवळ गण एक आहे, त्यांचे कुल एक असेलच असे नाही. थोडक्यात, दोन पिके जितक्या खालच्या पायरीवर एकत्र येतात, तितका त्यांचा समान पूर्वज अलीकडचा समजावा.

स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनिअस याने 1753 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वनस्पतींना सर्वत्र दोन शब्दांची नावे दिली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. बटाटा म्हणजे सोलॅनम ट्युबरोसम, वांगे म्हणजे सोलॅनम मेलोंजेना आणि टोमॅटो म्हणजे सोलॅनम लायकोपर्सिकम. पहिला शब्द तिघांचाही एक. म्हणजे ही सख्खी भावंडेच होत. मिरचीची प्रजाती कॅप्सिकम व तंबाखूची निकोटिआना. ही चुलत घराणी. परंतु ही सर्व पिके धोतरा कुलातील, म्हणजे सोलॅनेसीतील आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शेतकरी ज्यास बियाण्याची ‘जात’ म्हणतात, ती शास्त्रातील जाती नव्हे. कुफरी ज्योती हा बटाट्याचा एक वाण आहे. बटाटा ही जाती आहे. वाण बदलल्याने पीक बदलत नाही.

रूपावरून नाते ठरत नाही

बटाटा व रताळे दोन्ही जमिनीत वाढतात, म्हणून ती जवळची वाटतात. परंतु बटाटा हे फुगलेले खोड आहे, तर रताळे हे फुगलेले मूळ. रताळे हरिणपदी कुलातील असून या दोघांचे नाते गणाच्या पायरीवर जाऊन जुळते. उलट, कोबी, फुलकोबी व नवलकोल ही रूपाने अगदी निराळी पिके एकाच जातीची आहेत. फुलांची घडण, फळाची रचना आणि अलीकडे आनुवंशिक द्रव्याची तपासणी यांवरून ही नाती पडताळली जातात. नव्या पुराव्याने कधी स्थान बदलतेही. कांदा व लसूण पूर्वी लिलिएसी कुलात धरीत. आता ती ॲमॅरिलिडेसी कुलात गणली जातात. दोघांची प्रजाती मात्र ॲलियम हीच राहिली आहे.

शेतातील उपयोग

जवळच्या नात्यातील पिकांचे शत्रूही पुष्कळदा समान असतात. उशिरा येणारा करपा बटाट्यावर पडतो, तसा टोमॅटोवरही पडतो. जिवाणूजन्य मर रोग बटाटा, टोमॅटो, वांगी व मिरची या चारही पिकांस होतो आणि त्याचे जिवाणू जमिनीत टिकून राहतात. बांधावरील धोतरा, कामोणी व काटेरिंगणी ही तणे याच कुलातील असल्याने ती वेळीच उपटून टाकावीत. मागील हंगामातील राहिलेले बटाटे उगवून आल्यास तेही काढून टाकावेत. कांदा व लसूण या दोहोंवर फुलकिडे आणि जांभळा करपा आढळतो. सबब कांद्यामागे लसूण लावणे हीदेखील फेरपालट नव्हे.

नात्याचा लाभही घेता येतो. वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम जुळते, कारण दोन्ही एका प्रजातीची आहेत. कोबीच्या पिकात मोहरीच्या ओळी लावल्यास चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे ओढला जातो. दोघांचे कुल एकच आहे.

मर्यादा

तथापि भावकीचा नियम सर्वत्र लागू पडत नाही. घाटेअळी हरभरा, तूर, कपाशी व टोमॅटो अशा निरनिराळ्या कुलांतील पिकांवर उपजीविका करते. मर रोगाचे जिवाणू भुईमूग व आले यांसही बाधा करू शकतात. काही संबंध तर कुलाहूनही संकुचित असतात. हरभरा व भुईमूग एकाच शिंबी कुलातील असले, तरी हरभऱ्याचे जिवाणू संवर्धन भुईमुगाच्या बियाण्यास उपयोगी पडत नाही. म्हणून कुल हे मार्गदर्शक समजावे. रोगाच्या प्रत्यक्ष ओळखीऐवजी ते चालत नाही.

क्रम कसा लावावा

खरिपात बटाटा घेतल्यास रब्बीत कांदा घ्यावा. पुढील खरिपात मका किंवा ज्वारी हे तृण कुलातील पीक आणि त्यामागून हरभरा घ्यावा. यात चार हंगामांत चार कुले येतात. ज्या जमिनीत मर रोग दिसला असेल, तेथे धोतरा कुलातील कोणतेही पीक निदान दोन ते तीन वर्षे घेऊ नये. याकरिता प्रत्येक तुकड्याची वही ठेवून तीत पिकाच्या नावापुढे त्याचे कुलही लिहावे. जमीन जितकी थोडी, तितकी ही नोंद अधिक मोलाची. कारण मोठ्या शेतकऱ्यास रोगट तुकडा सोडून दुसरीकडे लागवड करता येते, लहान शेतकऱ्यास ती सोय नसते.