खेळाचे थेट प्रक्षेपण अडखळते : नवे कार्ड विकण्यापूर्वी काय तपासावे?

संगणक दुरुस्तीच्या दुकानात हल्ली एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. घरी प्लेस्टेशनवर खेळणारा आणि तो खेळ यूट्यूबवर थेट दाखवणारा तरुण. त्याची तक्रार ठरलेली असते, "चित्र अडखळते, कॅप्चर कार्ड खराब आहे, दुसरे द्या." दुकानदार दुसरे देतो आणि आठ दिवसांनी तोच तरुण तीच तक्रार घेऊन परत येतो. पैसे त्याचे गेले, नाव दुकानाचे गेले. खरा बिघाड कार्डात क्वचितच असतो. तो शोधावा कसा, हे आज पाहू. लग्नाचे थेट प्रक्षेपण करणारे व्हिडिओवाले बंधूही कॅमेऱ्यासाठी हेच कार्ड वापरतात, तेव्हा त्यांनीही हा लेख वाचावा.

प्रथम ओबीएस हा मोफत प्रोग्रॅम उघडून त्यातले चित्र स्वतः पाहावे. तिथेच ते अडखळत असेल तर दोष बहुधा कार्ड, केबल किंवा यूएसबीकडे आहे. तिथे स्वच्छ दिसते, पण पाहणाऱ्यांकडे अडखळते, तर दोष संगणकात किंवा इंटरनेटमध्ये आहे. एवढ्याने निम्मे काम होते.

पडदा नुसताच काळा असेल तर घाबरू नये. प्लेस्टेशन 5 मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग एचडीएमआय येथे 'एचडीसीपी' नावाचे कुलूप असते. चित्राची नक्कल होऊ नये म्हणून ते लावलेले असते. ते बंद करताच चित्र येते. मात्र ते बंद असेपर्यंत नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स चालत नाहीत, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी नवी तक्रार येते! विंडोजमध्ये कॅमेऱ्याची परवानगी बंद असली किंवा दुसरा प्रोग्रॅम कार्ड अडवून बसला असला, तरीही पडदा काळाच राहतो.

आता अडखळण्याकडे वळू. इथे थोडा हिशेब करावा लागेल. एका चित्रात 1920 गुणिले 1080 ठिपके, दर ठिपक्याला 2 बाइट आणि सेकंदाला 60 चित्रे. म्हणजे दर सेकंदाला सुमारे 249 मेगाबाइट, जवळजवळ 2 गिगाबिट माल. यूएसबी 2.0 ची कागदावरची क्षमता 480 मेगाबिट, तर यूएसबी 3.0 ची 5 गिगाबिट. पाव इंचाच्या नळीतून विहीर उपसण्याचा हा प्रकार आहे. म्हणून स्वस्त कार्डे चित्र 'एमजेपेग' पद्धतीने दाबून पाठवतात. ओबीएसमध्ये त्याऐवजी 'वाययूवाय 2' निवडलेले असेल, तर असे कार्ड पूर्ण आकारात सेकंदाला जेमतेम पाच-दहा चित्रे देते. तेवढा एक पर्याय बदलला की तथाकथित खराब कार्ड चालू लागते.

माल भरणाऱ्या व्यापारी बंधूंनी इथे सावध राहावे. खोक्यावर 3.0 छापलेले, प्लगात निळी पट्टी, आणि आत चिप मात्र 2.0 ची, असा माल बाजारात आहे. एक नमुना जोडून ओबीएसमधील पर्यायांची यादी पाहावी. पूर्ण आकारात 60 चित्रे न दाबता देण्याचा पर्याय नसेल तर तो माल 3.0 च्या भावाने घेऊ नये. कार्ड हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या 3.0 पोर्टमध्ये लावून हे पाहावे.

चित्र आपल्याकडे स्वच्छ असेल, तर ओबीएसमधील 'स्टॅट्स' ही खिडकी उघडावी. तिथे गळालेल्या चित्रांचे तीन आकडे असतात. नेटवर्कमुळे गळालेल्यांचा आकडा वाढत असेल तर वायफाय सोडून वायर लावावी आणि बिटरेट 6000 वरून 4500 वर आणून पाहावा. हजारो रुपयांचे नवे यंत्र घेऊनही हा दोष जात नाही.

एन्कोडिंगचा आकडा वाढत असेल तर प्रोसेसर दमला आहे. 'एक्स 264' ऐवजी ग्राफिक्स कार्डातील 'एनव्हेन्क' किंवा इंटेलचे 'क्विक सिंक' निवडावे. ही सोय 2011-12 पासूनच्या बऱ्याच यंत्रांत असते, फक्त कोणी चालू केलेली नसते. तिसरा आकडा रेंडरिंगचा. त्याच संगणकावर खेळ चालत असेल तर तो सगळे ग्राफिक्स कार्ड खाऊन टाकतो. खेळाला चित्रांची मर्यादा घालावी आणि ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करावे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला आहे ना आणि पंख्यात धूळ नाही ना, तेही पाहावे. धुळीने तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो.

एवढे करूनही चित्र येत नसेल, तर तेच कार्ड दुसऱ्या केबलने दुसऱ्या संगणकाला, गिऱ्हाईकाच्या समोर लावावे. तिथेही चालले नाही तरच नवे काढावे, आणि त्याचे खोके फोडण्यापूर्वी जुन्याची वॉरंटी शिल्लक आहे का ते विचारावे.