शेततलावाच्या मातीच्या भरावावर झाडे वाढू द्यावीत का?

देऊ नयेत. झाड वठले की मुळे कुजून भरावात पोकळ वाटा राहतात आणि त्यांतून पाणी झिरपते. पायथ्याशी येणारे नितळ पाणी लक्ष ठेवण्याजोगे. गढूळ झाले, की भराव आतून धुपतो आहे असे समजावे. सांडवाही मोकळा हवा. मासे अडवायला तिथे जाळी लावणे म्हणजे संकट विकत घेणे!

अमेरिकेत जॉर्जियातील केली बार्न्स हे एका महाविद्यालयाच्या मालकीचे मातीचे धरण ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मुसळधार पावसानंतर फुटले. ३९ जण दगावले. चौकशीत एकच एक कारण निश्चित झाले नाही, पण भरावाचा तीव्र उतार ढासळल्याची आणि झिरप्याची शक्यता पुढे आली.

मोठी झाडे आधीच असतील तर ती परस्पर उपटू नयेत. आधी पाणी उतरवावे, अभियंत्याला दाखवावे.