विद्यापीठातील विद्या बाजारात कशी उतरते?

व्यापारी घराण्यांत मुलगा किंवा मुलगी मानसशास्त्रासारखा विषय घेऊन एम.ए.ला बसली की वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "यातून रोटी कशी निघणार?" प्रश्न रास्त आहे, त्याला हसण्यात अर्थ नाही. ज्या विद्येला गिऱ्हाईक नाही ती घरातच पडून राहते. परंतु काही विद्या अशा असतात की त्यांचे गिऱ्हाईक बाजारात उभेच असते, फक्त दोघांची गाठ पडलेली नसते. माणूस पाहतो कसा, लक्षात ठेवतो कसा आणि चुकतो कसा याचा अभ्यास करणारी 'कॉग्निटिव्ह सायन्स' ही अशीच एक विद्या आहे. यंत्र, दुकान, कचेरी वा वाहन माणसाच्या स्वभावाला अनुरूप करून देण्याचा जो धंदा तिच्यातून उभा राहिला, त्यास 'ह्यूमन फॅक्टर्स' असे नाव आहे. या धंद्यातील एका नामवंताचा प्रवास आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धंद्याची सुरुवात

प्रथम थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर पोटावर आपटू लागली. वैमानिक पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत. वैमानिकांना दोष देऊन प्रश्न सुटेना. अल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही कळी शेजारी आहेत आणि हाताला सारख्याच लागतात. त्याने सुचविले की चाकांच्या कळीला चाकाच्या आकाराची मूठ लावा आणि झडपांच्या कळीला पाचरीच्या आकाराची. उपाय अगदी स्वस्त होता. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याला चाकासारखीच मूठ असते.

या गोष्टीत साऱ्या धंद्याचे मर्म आहे. एकच चूक अनेक शहाणी माणसे करू लागली, तर दोष माणसांत शोधू नये, मांडणीत शोधावा.

नॉर्मन यांचे भांडवल

डोनाल्ड नॉर्मन यांचा जन्म १९३५ चा. १९५७ साली त्यांनी एम.आय.टी. या संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी वाट बदलली आणि १९६२ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. काही काळ हार्वर्डमध्ये काढून १९६६ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत आले. स्मरणशक्ती आणि लक्ष हे त्यांचे संशोधनाचे विषय. म्हणजे यंत्राची भाषा आणि मनाची भाषा अशा दोन भाषा त्यांना अवगत होत्या. दोन बाजारपेठांचे भाव ज्याला ठाऊक असतात, त्यालाच सौदा सुचतो.

अणुभट्टीतील धडा

२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात अपघात झाला. एक झडप उघडून अडकली आणि भट्टी थंड ठेवणारे पाणी बाहेर जाऊ लागले. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखे दाखवीत होता. कारण तो दिवा झडपेची स्थिती सांगतच नव्हता. झडपेला 'बंद हो' असा हुकूम गेला, एवढेच सांगत होता. त्यात पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या. चालकांनी त्या दिव्यावर विश्वास ठेवला, पाणी गरजेपेक्षा जास्त आहे असे समजून तातडीचा पुरवठा कमी केला आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला.

या चालकांनी अशा चुका का केल्या हे तपासण्याच्या कामी नॉर्मन यांना बोलावण्यात आले. त्यांचा निष्कर्ष असा की चालक हुशार होते, चूक कक्षाच्या मांडणीची होती. प्रयोगशाळेतील विद्येचा एवढा मोठा उपयोग बाहेर आहे, हे यातून स्पष्ट झाले. पुढे नॉर्मन यांनी माणसाच्या चुकांचाच पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यांचे दोन मुख्य प्रकार सांगितले.

आमच्या कापडाच्या धंद्यातील दाखला देऊन सांगतो. गुमास्त्याला ४४ इंच पन्ह्याचा ताका द्यायचा आहे, हे त्याला पक्के ठाऊक आहे. परंतु शेजारी त्याच रंगाचा ३६ इंची ताका ठेवलेला होता आणि घाईत तोच हाती आला. ही हातचूक. दुसरा गुमास्ता गिऱ्हाइकाची गरजच वेगळी समजला आणि त्या समजुतीने त्याने मन लावून चुकीचा माल दाखवला. ही समजुतीची चूक. पहिलीवर इलाज ताके वेगळे ठेवण्याचा व खुणेची चिठ्ठी लावण्याचा, दुसरीवर इलाज नीट विचारपूस करण्याचा. रागावणे हा दोहोंपैकी कशावरही इलाज नाही. गुमास्ता काढून टाकला तर त्याच्या घरची चूल बंद होते आणि त्याच्या जागी येणारा माणूस त्याच फळीवरून तोच चुकीचा ताका काढतो.

पुस्तकाचे नाव आणि गिऱ्हाईक

पुढे नॉर्मन काही महिने इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील संशोधन केंद्रात राहिले. तेथील दरवाजे, नळ आणि दिव्यांची बटणे यांनी ते हैराण झाले. ढकलायचा दरवाजा कोणता आणि ओढायचा कोणता, हेच कळेना. त्या अनुभवातून १९८८ साली त्यांचे गाजलेले पुस्तक आले. त्याच्या नावात 'रोजच्या वस्तूंचे मानसशास्त्र' असे शब्द होते. प्राध्यापक मित्रांना ते नाव पसंत होते, व्यापारी व उद्योजक वर्गाला मात्र ते रुचले नाही. नंतरच्या आवृत्तीत 'मानसशास्त्र' हा शब्द जाऊन 'डिझाइन' हा शब्द आला आणि पुस्तक योग्य हातांत पोहोचले. माल तोच, वेष्टन बदलले. व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही, विद्वानांना मात्र शिकावे लागते.

कंपनीत आणि मग स्वतःच्या पेढीत

१९९३ साली नॉर्मन यांनी विद्यापीठातून निवृत्ती घेतली आणि ते अ‍ॅपल या संगणक कंपनीत गेले. तेथे त्यांनी स्वतःच्या हुद्द्यात 'युजर एक्सपिरियन्स', म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव, हे शब्द घातले. आज हेच शब्द जगभर हजारो नोकऱ्यांचे नाव झाले आहेत. पुढे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत काही काळ काढून १९९८ साली त्यांनी जेकब नील्सन यांच्यासह सल्लागार पेढी काढली.

या प्रवासात बदलावे काय लागते? पहिली गोष्ट वेळ. संशोधकाला पक्के उत्तर हवे असते, त्यासाठी तो वर्षे घालवतो. उद्योगाला कामापुरते उत्तर हवे असते आणि तेही वेळेत. नॉर्मन यांनी गमतीने एक नियमच केला आहे की, कोणतेही काम ज्या दिवशी सुरू होते त्याच दिवशी ते वेळेत मागे आणि खर्चात पुढे गेलेले असते.

दुसरी गोष्ट खर्च. नील्सन यांनी स्वस्तातील तपासणीचा पुरस्कार केला. १९९३ साली टॉमस लँडाउअर यांच्यासह त्यांनी केलेल्या अभ्यासाचा मथितार्थ असा की, पाच माणसांना वस्तू वापरायला देऊन शांतपणे पाहत बसले तरी सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. अर्थात ही पद्धत अडचणी शोधण्यासाठी आहे; किती टक्के लोकांना माल आवडला, हे पाच माणसांवरून ठरवता येत नाही.

तिसरी गोष्ट मध्यस्थी. २०१० साली नॉर्मन यांनी लिहिले की संशोधन आणि व्यवहार यांच्यात मोठी दरी आहे आणि ती भरून काढायला दोन्हीकडची भाषा जाणणारी तिसरीच माणसे हवीत. आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. मागवाला उत्तम विणतो आणि दुकानदार उत्तम विकतो, पण दोघांमध्ये आडत्या नसेल तर माल गोदामात पडून राहतो. सल्लागार हा विद्येचा आडत्या आहे. फरक इतकाच की तो माल विकत नाही, चुकीचे कारण शोधून देतो. आणि इमानदार आडत्याप्रमाणे त्याने मालकाला न आवडणारी गोष्टही सांगितली पाहिजे. मालकाने आधीच ठरवलेल्या गोष्टीवर केवळ शिक्का मारणारा सल्लागार फार दिवस टिकत नाही.

आपण काय करावे?

व्यापारी बांधवांसाठी एक सोपे काम आहे. आपल्या पेढीवर महिनाभर एक वही ठेवा. चूक झाली की माणसाचे नाव लिहू नका; कोणती चूक, कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी झाली एवढेच लिहा. महिन्याने वही उघडा. एकच चूक तीन माणसांच्या हातून झालेली दिसली तर माणसे बदलू नका, जागा बदला, चिठ्ठी बदला, नाहीतर पावतीचा नमुना बदला. नंतर पुन्हा महिनाभर वही ठेवून फरक पडला की नाही ते पाहा.

विद्यार्थ्यांसाठीही दोन शब्द. केवळ पदवीने हे काम मिळत नाही. मानसशास्त्राबरोबर यंत्र, संगणक किंवा डिझाइन यांपैकी एक हुनर जोडीला घ्या आणि कारखान्यात, इस्पितळात वा दुकानात उभे राहून माणसे कशी चुकतात ते टिपा. आय.आय.टी. मुंबईत १९६९ पासून डिझाइनचे शिक्षण देणारे केंद्र आहे. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रमाची वाट 'सीड' या प्रवेश परीक्षेतून जाते आणि इतर शाखांच्या पदवीधरांनाही ती परीक्षा देता येते.

राहिला वडीलधाऱ्यांचा प्रश्न. रोटी निघते, मात्र ज्याचे नुकसान होत आहे त्याच्या दारापर्यंत विद्या चालत गेली पाहिजे, आणि त्याला कळेल अशा बोलीत तिने बोलले पाहिजे. मुलांना विषय बदलायला सांगण्यापूर्वी त्यांना एक दिवस आपल्या गादीवर बसवा आणि विचारा, "इथे माणसे कुठे चुकतात, ते सांग पाहू." उत्तर नीट आले, तर समजा की त्याच्या विद्येला पहिले गिऱ्हाईक मिळाले.