नकार आधी कळव

चि. सायली,

अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांनी पीएचडीला घेतलंय, तेही असिस्टंटशिपसकट, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. पण त्यातल्या एका ठिकाणी जायचं नाही हे ठरलेलं असूनही ‘राहू दे हाताशी’ म्हणून तू गप्प बसली आहेस, हेही तिनेच सांगितलं. म्हणून हे पत्र.

असिस्टंटशिपच्या जागा मोजक्याच असतात. तू धरून ठेवलेल्या जागेकडे वेटलिस्टवरचं कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं. मेल आली का, हे दिवसातून दहादा बघत असतं. तेव्हा जायचं नाही हे नक्की झालं, की त्याच दिवशी कळवून टाक. पोर्टलवर बटण दाबलं की रीतसर नकार जातो, पण जे प्राध्यापक वेळ काढून तुझ्याशी बोलले त्यांना वेगळी मेल हवी. आभार, नकार आणि वाटलं तर कुठे चालली आहेस ते, एवढंच लिही. कारणांचं पुराण नको. विषय तोच राहणार, त्यामुळे ही मंडळी पुढे परिषदांत भेटतील, कदाचित तुझे पेपरही तपासतील.

होकाराला मात्र घाई नाही. तिथल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाचं उत्तर त्या तारखेआधी मागू नये, असा त्याचा आशय. कुणी ‘आठवड्यात सांगा’ म्हणालं तर आधी सही करणाऱ्यांच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव शोध, मग नम्रपणे ठरावाची आठवण दे. (स्वखर्चाने एम.एस.ला जाणाऱ्या तुझ्या मैत्रिणीने याच्या भरवशावर राहू नये. तिने आपल्या पत्रातली तारीख पाहावी, आणि डिपॉझिट परत मिळतं का तेही.)

स्टायपेंड वाढवून मागण्यात गैर काही नाही. दुसरीकडचा आकडा सांगायचा तर खराच सांग. ‘ते पत्र पाठवता का?’ असं विचारलं तर पंचाईत.

होकार एकालाच, आणि लेखी. तो पोचल्याचं उत्तर आलं की उरलेल्याला लगेच नकार.

आणि शिफारसपत्रं देणाऱ्या तुझ्या सरांना ही बातमी व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळू देऊ नकोस. पेढे घेऊन घरी जा.

तुझी,
मावशी