अंगठा चहाच्या कपाला होता

सोयाबीनचे पैसे खात्यावर येऊन आठ दिवस झाले नव्हते. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात मोबाइल दोनदा वाजला. दहा हजार वजा. परत दहा हजार वजा. ओटीपी आला नव्हता, कुणाचा फोन नव्हता, कुठल्या लिंकला हात लावला नव्हता. जन्मभर पोरांना शहाणपण शिकवलेला मास्तर मी, बनियनवरच बँकेकडं निघालो होतो. बायकोनं सदरा हातात दिला.

बँकेतल्या मॅडमनी पासबुक छापलं. म्हणाल्या, "सर, आधारवरून काढलेत. तुमचा अंगठा लागलाय."

माझा अंगठा त्या वेळी चहाच्या कपाला होता.

खेड्यात छोट्या मशीनवर अंगठा ठेवून पैसे काढतात, ती ही सोय. तिला लागतं काय? आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. निराधारांचं अनुदान घेणाऱ्या म्हातारीला ही सोय मोलाचीच आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण ठसा कागदावरूनही उचलता येतो. 2018 साली आपल्या शेजारच्या तेलंगणात एकानं जमिनीच्या नोंदणीची कागदपत्रं संकेतस्थळावरून उतरवून घेतली, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या नावावर सिमकार्डं चालू केली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलायचा?

मग आठवत बसलो, माझे कागद कुठं कुठं गेले. पीक विमा, सिमकार्ड, पोरीचं कॉलेज, मोंढ्यातली आडत. आणि आमची ती नेहमीची झेरॉक्स. दुकानात पुठ्ठ्यावर व्हॉट्सॲप नंबर लिहिलेला. आपण कागदाचा फोटो पाठवायचा, पोरगा प्रिंट काढतो. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. "माझं नाव टाकून शोध बरं." चार फायली निघाल्या. एका फायलीत आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि दोन वर्षांपूर्वीच्या खरेदीखतावरचा माझा निळा अंगठा, एकाखाली एक. वर-खाली आणखी कुणाकुणाचे सातबारे, गुणपत्रिका, एका बाईचे दवाखान्याचे कागद.

"सर, दिवसाला किती येतेत, कोण डिलीट करत बसणार?" पोरगा म्हणाला. खोटं नव्हतं. माझे पैसे तिथूनच गेले असं मी म्हणत नाही. ते कधी कळणारही नाही. पण ती फाईल मीच पाठवली होती, आणि ती तिथं दोन वर्षं पडून होती.

पैसे गेले तर आधी 1930 ला फोन लावा. मी तो दुपारी लावला, सकाळीच लावायला हवा होता. तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यावर सरकतात. बँकेत त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणं चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. पोच नसेल तर हे सिद्ध कशानं करणार?

मी त्याच रात्री केलं ते बायोमेट्रिक लॉक. आधारच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर ते फुकट होतं. मोबाइल नंबर जोडलेला हवा, एवढंच. तिथंच गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कधी कधी वापरलं गेलं तेही दिसतं. मात्र लॉक केलं की रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. आईचंही लॉक करून ठेवलं होतं; तिला मी दोनदा रिकाम्या पिशवीनिशी परत आणलं आणि बोलणी खाल्ली. जायच्या आधी थोड्या वेळापुरतं उघडायचं, हे तिसऱ्या खेपेला लक्षात राहिलं.

झेरॉक्स देऊच नका, हा सल्ला मी देणार नाही. 2022 च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं तसं पत्रक काढलं होतं, आणि दोन दिवसांत सरकारला ते मागं घ्यावं लागलं. आपल्याकडं कागदाशिवाय कुठलं काम होतं? पण शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क केलेलं आधार संकेतस्थळावर मिळतं, बऱ्याच ठिकाणी ते चालतं. साध्या प्रतीवर मी आता आडवं लिहितो: कशासाठी, कुणाला, तारीख. अक्षरं छपाईवर चढली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेलं कात्रीनं जातं.

चार महिन्यांनी पैसे परत आले. झेरॉक्सच्या दुकानात मात्र माझी ख्याती झालीय. मला बघितलं की पोरगा ओरडतो, "सर आले, फोल्डर रिकामं करा रे!" माझ्यासमोर फाईल पुसतो आणि पैशासाठी हात पुढं करतो. मी उभाच असतो.

"आता रिसायकल बिन."