लॉक रिंगचं चाक स्वतः उघडावं का?

प्रश्न : मानकोलीच्या गोदामांवर माझा ट्रक चालतो. टायरचं काम स्वतःच केलं तर?

उत्तर : स्टेपनी जरूर बदला. बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. पावसाळ्यात गोदामाच्या आवारात जॅक चिखलात खचतो, खाली जाड फळी हवीच. नट समोरासमोरचे आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना फिरवा.

पंक्चरचं मात्र वेगळं. ट्यूबच्या टायरमध्ये शंभरेक पौंड हवा असते आणि ती अडवते रिमच्या खाचेत बसणारी लॉक रिंग. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय तिला पहार लावू नका. जोडटायर असेल तर दोन्हींची सोडा. खरा धोका हवा भरताना. खाचेत गंज असला, रिंग नीट बसली नाही, तर ती उसळून जीव घेते. हातोडीने ठोकून बसवणं तर वेडेपणाच! चाक आत ठेवून हवा भरायला लोखंडी पिंजरा नसेल, तर हे काम तुमचं नव्हे.