तरंगणे आणि स्थिर राहणे : पानशेतच्या पाण्यावरील एक अभ्यास

लाकूड तरंगते आणि लोखंड बुडते, एवढे ज्ञान आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेतच संपादन केलेले असते. आर्किमिडीजचा सिद्धांतही आपण परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. तरंगणाऱ्या वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन त्या वस्तूच्या वजनाइतके असते, हे खरे. परंतु या सिद्धांताने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. वस्तू तरंगेल हे कळले, तरी ती सरळ राहील की उलटी होईल? पाण्यात बुडून मेलेल्या कित्येक माणसांच्या नौका तरंगण्यास पूर्णपणे लायक होत्या. त्या बुडाल्या नाहीत, आधी कलंडल्या.

हा विषय माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याकडे आला तो माझ्या मामेभावामुळे. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी त्याने 'लहान प्रवासी नौकांचे स्थैर्य' हा प्रबंधाचा विषय घेतला आणि प्रत्यक्ष मोजमापांसाठी पानशेतचा जलाशय निवडला. आंबी नदीवरील हे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेले आहे. पुढे धरण पुन्हा बांधण्यात आले. तानाजीसागर या नावाने ओळखले जाणारे ते पाणी आज नौकाविहारासाठीही पुणेकरांच्या परिचयाचे आहे. त्या पाण्यावर आकडे टिपून घेण्यासाठी एक माणूस हवा होता, ते काम माझ्याकडे आले. तेथे जे समजले ते माझ्या सहाध्यायांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नौकेवर दोन बले कार्य करीत असतात. नौकेचे व माणसांचे सगळे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, तर पाणी आपल्या रेट्याने तिला वर उचलते. पाण्याचा हा रेटा नौकेच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून लागतो. त्याला प्लावनकेंद्र म्हणू. नौका सरळ असताना ही दोन्ही केंद्रे एकाच उभ्या रेषेत असतात. नौका उजवीकडे कलली, की उजवी बाजू अधिक बुडते व प्लावनकेंद्रही उजवीकडे सरकते. आता त्यातून वर जाणारी उभी रेषा नौकेच्या मधल्या रेषेला जेथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर असे नाव आहे. हा बिंदू गुरुत्वमध्याच्या वर असेल तर पाण्याचा रेटा नौकेला पुन्हा सरळ करतो. खाली असेल तर तोच रेटा तिला आणखी कलंडवतो. जे पाणी तारते तेच मारते, आणि दोहोंमधील अंतर काही सेंटिमीटरांचे असते!

ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बूगेर याने १७४६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडली. गंमत अशी, की पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात असताना या जहाजविषयक ग्रंथाचे बरेचसे काम झाले. त्याच सुमारास, १७४९ मध्ये, ऑयलर या गणितज्ञानेही याच प्रश्नावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वी जहाजे बांधली जात ती अनुभवाच्या आधारावर. स्वीडनचे 'वासा' हे युद्धनौकांतील भूषण १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात कलंडून बुडाले. त्याआधी तीस खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत धावायला लावून परीक्षा घेतली होती. जहाज इतके हेलकावले, की परीक्षाच थांबवावी लागली. धोका दिसला होता, पण तो मोजण्याचे माप नव्हते.

आज ते माप आहे आणि साधेही आहे. पानशेतला आम्ही नेमके तेच केले. पाणी शांत असताना सकाळी लवकर नौका काठापासून थोडी दूर उभी केली. एक मीटर लांबीचा ओळंबा टांगला व त्याखाली मोजपट्टी ठेवली. मग पाण्याने भरलेले डबे नौकेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवले आणि ओळंबा किती हलला ते टिपले. गणित समजण्यास सोपे जावे म्हणून येथे पूर्णांक घेतो. समजा, नौकेचे डब्यांसकट सर्व वजन २४०० किलो आहे. २० लिटरचे सहा डबे, म्हणजे १२० किलो वजन, १ मीटर सरकवले. ओळंबा ५ सेंटिमीटर हलला. १२० ला १ ने गुणून, २४०० व ०.०५ यांच्या गुणाकाराने भागले, की उत्तर येते १ मीटर. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटर एवढा वर आहे. नौका न उलटवता तिच्या पोटातील गोष्ट अशी बाहेर काढता येते, याचे मला फार नवल वाटले.

आता तीच नौका प्रवाशांनी भरू. सरासरी ६० किलोचे २० प्रवासी, म्हणजे १२०० किलो; एकूण वजन ३६०० किलो. नौकेची रुंदी २ मीटर आणि काठ पाण्याच्या वर ४० सेंटिमीटर आहे असे धरू. सगळे बाकांवर बसले असताना मेटासेंटरचे अंतर ६० सेंटिमीटर उरले आहे. इतक्यात काठावर काही दिसले आणि सगळे प्रवासी सरासरी ६० सेंटिमीटर एका बाजूला सरकले. एकूण गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर बाजूला जाईल. प्रवासी बसूनच सरकले असतील, तर २० भागिले ६० या प्रमाणात कल येईल व त्या बाजूचा काठ सुमारे ३३ सेंटिमीटर खाली जाईल. पाणी अजून ७ सेंटिमीटर खाली आहे, सर्वजण वाचतील. पण तेच प्रवासी उभे राहून सरकले तर? प्रत्येकाचा गुरुत्वमध्य सुमारे ४० सेंटिमीटरांनी उंचावेल, एकूण गुरुत्वमध्य १३ सेंटिमीटरांनी वर येईल आणि ६० चे ४७ होतील. आता काठ जवळजवळ ४३ सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे पाणी आत येते. माणसे तीच, नौका तीच, पाणीही तेच. बसणे आणि उभे राहणे एवढाच काय तो फरक!

आणि एकदा पाणी आत आले की दुसरे संकट सुरू होते. तळाशी मोकळे फिरणारे पाणी नौका ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावते. त्यामुळे स्थैर्य किती घटेल, हे पाण्याच्या खोलीपेक्षा त्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीवर अवलंबून असते. म्हणून मोठ्या टाक्यांत लांबीच्या दिशेने पडदा घालतात. मधोमध एक पडदा घातला की ही हानी एकचतुर्थांश होते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. वादळी समुद्रात बोट कलली आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असे त्या दुर्घटनेच्या हकिगतीत येते. ती गोष्ट कोकणातील घराघरांत अजून सांगितली जाते. शिकागोच्या नदीत २४ जुलै १९१५ रोजी 'ईस्टलंड' हे जहाज तर धक्क्याला बांधलेले असतानाच कलंडले व ८४४ जण मरण पावले. 'टायटॅनिक'नंतर प्राणरक्षणासाठी वाढवलेल्या होड्यांचे वजन या जहाजाच्या वरच्या भागात पडले होते! खुल्या समुद्रापासून दूर असलेले धरणाचे पाणीही यातून सुटलेले नाही. केरळात तेक्कडीच्या जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी 'जलकन्यका' ही पर्यटकांची नौका उलटून ४५ जण दगावले. काठावरचे वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवाशांनी एका बाजूला गर्दी केली होती.

येथे माझ्या विषयाचा संबंध आला. प्रबंधाच्या शेवटी प्रवाशांसाठी मराठीत सूचना द्यावयाच्या होत्या, त्या लिहिण्याचे काम भावाने माझ्याकडे सोपवले. नौकांवर सामान्यतः 'क्षमता इतके प्रवासी' अशी पाटी असते. ही पाटी किती माणसे घ्यावीत ते सांगते. माणसांनी कसे वागावे ते सांगत नाही. 'उभे राहू नये' असे लिहिले तर आपल्याकडे ती शिस्तीची आज्ञा वाटते, आणि आज्ञा मोडण्यात तरुणांना पुरुषार्थ वाटतो. म्हणून मी मसुद्यात आज्ञेबरोबर कारणही लिहिले : "आपण उभे राहिलात की नौकेचा तोल वर चढतो. काही पाहायचे असल्यास नावाड्याला सांगा, तो नौका वळवील." पानशेतच्या एका नावाड्याला हा मसुदा वाचून दाखवला. तो म्हणाला, "साहेब, हे आम्ही रोज सांगतो. तुमचं ऐकतील, कारण तुम्ही छापलंय."

त्या नावाड्याला मेटासेंटर हा शब्द माहीत नव्हता, पण जाड्या माणसाला मध्ये बसवायचे, सामान तळाशी ठेवायचे आणि तळातले पाणी आधी उपसायचे, हे तिन्ही नियम तो कोणी न सांगता पाळत होता. शास्त्राने त्याचे ज्ञान खोटे ठरवले नाही, त्याला आकडे दिले. उरते ते आपल्या बाजूचे काम. महाविद्यालयाची सहल कोयनेच्या शिवसागरावर जावो, अलिबागच्या वाटेवर असो वा पानशेतला. छायाचित्र काढण्यासाठी सगळे एकदम एका काठाशी उभे राहण्याचा मोह आवरला, तर नौकेच्या स्थैर्याच्या गणितात आपला वाटा आपण उचलला असे होईल. शास्त्रशाखेकडे न वळताही एवढे गणित आपल्याला करता येण्यासारखे आहे.